कोन पडला, दोन सेकंद

न्हावा शेवा बंदराकडची पोरं रंग शाळेत शिकत नाहीत, रस्त्यावरच्या कंटेनरांवरून शिकतात. हिरवा म्हणजे एव्हरग्रीन, नारिंगी म्हणजे हापाग लॉइड, भडक गुलाबी म्हणजे ओएनई. बाईंनी कमळाचं चित्र दाखवून रंग विचारला तर "जपानी कंपनीचा" असं उत्तर येण्याची आमच्याकडे पुरेपूर शक्यता आहे. अक्षरओळखीच्या आधी त्यांना ओळखू येणारी दुसरी वस्तू म्हणजे कोन. तोच तो, भगवा-पांढरा, प्लास्टिकचा, डोक्याला भोक असलेला. उरण तालुक्यात नारळाची झाडं जास्त की कोन जास्त, यावर कुणी पैज लावणार असेल तर माझे पैसे कोनावर. टर्मिनलच्या गेटवर कोन, वजनकाट्यावर कोन, करळच्या पुलाखाली कोन, चहाच्या टपरीपुढे गिऱ्हाइकाच्या बाइकची जागा अडवून बसलेला कोन. एका गॅरेजवाल्याला उलट्या कोनातून डिझेल ओतताना मी पाहिलंय. आमच्या आळीतल्या एका काकूंनी तर पाण्याच्या टँकरला नंबर लावायला हंड्याऐवजी कोन ठेवला. कुणी हात लावला नाही. हंडा लोक बिनधास्त बाजूला सारतात. कोनाला सरकारी वास येतो.

जर्मनीत याच कोनांचा खेळ करतात. एडीएसी ही तिथली मोटारवाल्यांची जुनी संघटना, 1903 सालची. तिच्या गावोगावच्या क्लबांतली शाळकरी पोरं सुट्टीच्या दिवशी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जमतात. कोन मांडले जातात, प्रत्येकाच्या बुडाभोवती खडूने रेघ ओढली जाते. मग एकेक पोर कार्टमध्ये बसतं आणि कोनांच्या मधून वेडंवाकडं, पण लवकरात लवकर, बाहेर पडतं. एक फेरी सरावाची, दोन फेऱ्या हिशेबाच्या. ट्रॅकवर एका वेळी एकच पोर. धडक द्यायला शेजारी कुणी नाही, मागून हॉर्न नाही. कोन पडला किंवा खडूच्या रेघेबाहेर सरकला की वेळेत दोन सेकंद वाढले. दोन कोनांचं एखादं फाटक चुकवलंत तर दंड त्याहून मोठा. याला म्हणतात कार्ट स्लॅलम. कार्ट क्लबची आणि सगळ्यांना एकच, त्यामुळे 'त्याची गाडी चांगली होती' हे बापाला म्हणता येत नाही. मला हा खेळ आवडायचं निम्मं कारण हेच आहे.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे ती खडूची रेघ. आमच्याकडे ही रेघ किती वेळ टिकेल याची मला काळजी वाटते. पाऊस नाही, माणसं पुसतील. "रेघ आधीपासूनच वाकडी होती" इथून सुरुवात होईल आणि "तुमच्या पोराच्या वेळी कुठं गेली होती रेघ?" इथपर्यंत जेवणाची वेळ होईल. त्या देशात कोन हलला की नाही हे एक स्वयंसेवक बघतो आणि त्याचं ऐकतात म्हणे. इथे त्याला हेल्मेट लागेल, कार्टवाल्याच्या आधी.

खेळाचं कूळ मात्र साधं आहे. जगातली पहिली गोकार्ट 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने बनवली. त्याची नोकरी रेसिंगच्या गाड्या बांधायची, पण कार्टला लावलं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन. चालवून बघायला जागा सापडली ती पासाडीनाच्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगची. म्हणजे ज्या कार्टिंगच्या पायरीवरून पुढे फॉर्म्युला वनचे चॅम्पियन वर गेले, ते कार्टिंग रांगायला लागलं गाड्या उभ्या करायच्या जागेत. आणि गाड्या उभ्या करायच्या जागेच्या बाबतीत आमचा हात धरणारं गाव भारतात शोधून दाखवा. पोर्टाने ट्रेलर उभे करायला अख्खा पार्किंग प्लाझा बांधलाय. तरी निम्मे ट्रेलर रस्त्यावरच उभे, हा भाग वेगळा.

आता कार्ट म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं, कारण आमच्याकडे अनेकांची समजूत ती मॉलमधली बंपर कार अशी आहे. कार्टला स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. चार चाकं, नळ्यांचा सांगाडा आणि तुमच्या पाठीमागे किंवा बगलेत इंजिन. बूड जमिनीपासून दोन-चार बोटं वर. रस्त्यात बडीशेपेचा दाणा असला तर तोही मणक्याला कळतो. त्यात मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. मोटारीला असतो तो डिफरन्शियल नाही. त्यामुळे वळताना आतलं चाक आणि बाहेरचं चाक सारखंच फिरायचा हट्ट धरतात आणि गाडी म्हणते, मी नाही वळत जा. मग करायचं काय? स्टिअरिंग असं झोकायचं की सांगाडा पिळवटून मागचं आतलं चाक क्षणभर हवेत उचललं जाईल. तेवढ्या क्षणात वळून घ्यायचं. आठ वर्षांचं पोर हे करतं तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला एवढंच ठाऊक असतं की कोन पडला तर आई काही बोलत नाही, पण वडील घड्याळाकडे बघतात.

आमच्या घरात हा विषय आला तो बहिणीच्या मुलामुळे. वय अकरा. मोबाइलवर तो मोनॅको, सिल्व्हरस्टोन, सुझुका सगळीकडे जाऊन आलाय. जासईच्या पुढे एकटा गेलेला नाही. एका रविवारी मटणाचं जेवण आटोपून सगळे आडवे झालेले असताना त्याने जाहीर केलं, "मामा, मला रेसर व्हायचंय." बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी गणिताचा पेपर पूर्ण सोडवून दाखव, त्यात पण वेळ लावतात." तिचे सासरे, आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो, पंख्याखाली डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "शरयत? मंग आपली बैला काय मेली?"

आबांचा मुद्दा हलका समजू नका. रायगडात शर्यत या शब्दावर पहिला हक्क बैलांचा आहे. समुद्र ओसरला की ओल्या वाळूवर गाड्या सुटतात आणि माणसं नातेवाइकाचं लग्न सोडून तिकडे पळतात. 2014 साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या खेळासाठी माणसं घटनापीठापर्यंत जाऊन आली, त्याच्यापुढे प्लास्टिकच्या कोनांची काय पत्रास? भाच्याने आबांना समजवायचा प्रयत्न केला की यात वळायचं असतं, सरळ पळायचं नसतं. आबा उठून बसले. "वळायचं आसंल त शरयत कशाला म्हनायची? वळतंय त्या बैलाला आमी नांगराला लावतो."

इथे विषय संपायला हवा होता. पण भाच्याने मोबाइलवर जर्मन पोरांचा एक स्लॅलम लावला आणि आबांच्या नाकाखाली धरला. आबांनी चष्मा मागितला. पोर्टाच्या बांधकामाच्या काळात डंपर आणि नंतर उभी हयात ट्रेलर चालवलेला माणूस. दोन पोरांच्या फेऱ्या त्यांनी गपचूप पाहिल्या. तिसऱ्याला म्हणाले, "यो काट लवकर मारतंय. बग आता मागचा चाक कोनाला लावील." लावलं. दोन सेकंद. चौथ्या मुलीबद्दल म्हणाले, "हिची नजर बग. कोनावर नाय, कोनाच्या पुढच्या कोनावर हाय. ही जिंकतंय." ती त्या व्हिडिओत जिंकली की नाही ते कळलं नाही, कारण मध्येच जाहिरात आली, पण तिने एकही कोन पाडला नाही. स्लॅलमचे प्रशिक्षक जे पहिल्या दिवशी शिकवतात, म्हणजे आलेल्या कोनाकडे बघू नका, येणाऱ्या कोनाकडे बघा आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा आत कापतं हे विसरू नका, ते सगळं आबांनी बनियनवर बसून सांगून टाकलं.

तेव्हापासून मी आमच्या ट्रेलरवाल्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. माझं काम कस्टम क्लिअरन्सच्या कागदांचं, त्यामुळे भेंडखळ, धुतूम, सोनारी इकडच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर हाताळायच्या यार्डांत, फेऱ्या होतच असतात. मध्यंतरी एका यार्डात दोन बाजूंना कंटेनरच्या थप्प्या, मध्ये गल्ली, आणि त्या गल्लीत चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर उलटा घालायचा होता. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. ड्रायव्हरने आधी खाली उतरून गल्ली पाहिली, तंबाखू मळली, वर चढला. क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारत होता: "आने दो, आने दो, थोडा काट, सीधा, आने दो." ट्रेलर उलटा घालताना शेपूट उजवीकडे हवी तर स्टिअरिंग डावीकडे, आणि शेपूट वळायला लागली की लगेच उलटं, क्षणभर उशीर झाला की कोपऱ्यात घडी. त्या माणसाने एका हाताने, दुसऱ्या हाताची कोपर खिडकीबाहेर ठेवून, एका दमात गाडी आत बसवली. थप्पीला ओरखडा नाही. टाळी एकानेही वाजवली नाही. सुपरवायझर म्हणाला, "इतना टाइम?" जर्मनीत चुकीला दोन सेकंद लागतात, आमच्याकडे चूक असो नसो, कंटेनर अडकून राहिल्याचं डिटेन्शन लागतं, आणि तेही डॉलरात.

वर्षाला साठ लाखांहून जास्त टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात एवढा माल, या बंदरातून जातो-येतो. त्यातले रेल्वेचे सोडले तरी बाकी सगळे याच मंडळींच्या मनगटांवरून जातात. एवढे अनुभवी स्लॅलमपटू एका तालुक्यात जमलेले असताना आपण मोटरस्पोर्टमध्ये मागे आहोत असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

पण मोटरस्पोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो पैसा. खोटं नाही ते. रेसिंगच्या चांगल्या कार्टचा सांगाडा बहुधा इटलीचा, रोटॅक्सचं इंजिन ऑस्ट्रियाचं, आणि दोन्हींवर ड्युटी किती बसते हे माझ्या धंद्यातल्या माणसाला विचारू नका, झोप लागणार नाही. मुंबईच्या जेहान दारुवालाने पोरवयात कार्टिंग सुरू केलं, फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडला गेला आणि डिसेंबर 2020 मध्ये बहरीनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय झाला. पुण्याच्या डायना पंडोल 2024 साली राष्ट्रीय कार रेसिंगचं विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. शिक्षिका, दोन मुलांची आई. कोल्हापूरने तर मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या भरवल्या. तांबड्या रश्श्यानंतर माणूस सावकाश कसा जाईल म्हणा. पण या वाटेने जायचं तर गाडी, टायर, मेकॅनिक, प्रवास असा खर्च दर महिन्याला दारात उभा. बहिणीने भाच्याच्या वतीने चौकशी केली आणि फोन ठेवून म्हणाली, "याच्या लग्नाला एवढा येणार नाही."

सरकारचंही मन स्वच्छ नाही. 2011 ते 2013 नोएडाजवळ फॉर्म्युला वन झालं, पण उत्तर प्रदेश सरकारने त्याला खेळ मानायचं नाकारून करमणूक म्हणून कर लावला. तीन वर्षांत खेळही गेला, करमणूकही गेली. त्या मानाने आमची नवी मुंबई दिलदार. पावसाळ्यात चिखलात स्कूटर उधळायच्या गल्फ मान्सून स्कूटर रॅली इथल्या टेकड्यांनी पाहिल्या आहेत. घरातली भाजी आणायची स्कूटर घेऊन माणसं धावली आणि सोमवारी तीच धुऊन ऑफिसला नेली. मला खेळ हवा तो असा.

सर्वसामान्य मराठी माणसाच्या आयुष्यात स्लॅलम एकदाच येतो आणि त्याचं नाव असतं 'ट्रायल'. आरटीओच्या आवारात पांढऱ्या पट्ट्यात आठ काढायचा, पाय टेकवायचा नाही. मी म्हणतो, तिथे हा परदेशी 8 कशाला? मराठी आठ काढायला सांगा. एक साधी कमान आहे, सगळे पास होतील आणि राजभाषेचाही मान राहील. एरवी त्या आठाची धास्ती अशी की पुरुषभर उंचीची माणसं घामाघूम होतात. माझ्या ओळखीच्या एका डंपरवाल्याने वीस वर्षं बिनअपघात गाडी चालवली, बायकोसोबत स्कूटीचं लायसन्स काढायला गेला आणि आठात पाय टेकवून आला. बायको पास झाली. आता ती चालवते, तो मागे बसून "आने दो, आने दो" म्हणतो.

यावरून आठवलं. जागतिक संघटना एफआयएने 2019 साली रोमजवळ व्हॅलेलुंगाला मोटरस्पोर्ट गेम्स सुरू केले, त्यात कार्टिंग स्लॅलमही ठेवला आणि संघ ठरवला एक मुलगा आणि एक मुलगी असा. 2022 साली फ्रान्समध्ये तर कार्टही विजेवर चालणाऱ्या होत्या. हे ऐकल्यावर भाच्याची धाकटी बहीण, जी इतका वेळ कोपऱ्यात आंबा चोखत होती, म्हणाली, "म्हणजे मी नसले तर याला घेणारच नाहीत?" त्या दिवसापासून घरातली सत्ता फिरली आहे. अंगणात दोघांनी पाण्याच्या बाटल्या मांडून सायकलवर सराव सुरू केलाय. आबा खुर्चीत बसून दंड देतात. बाटली पडली की दोन सेकंद, बाटलीतलं पाणी सांडलं की चार, आणि कोंबडीला धक्का लागला तर फेरी बाद. मुलगी जिंकते. तिला घाई नाही आणि दादाला हरवायची इच्छा मात्र पक्की आहे.

जर्मनांनी मांडणीच्या नक्षांना नावं दिली आहेत. एकाचं नाव ब्रेझेल, त्यांच्याकडच्या त्या पिळाच्या पावावरून. आमची नावं आबांनी बसल्या जागी ठरवून टाकली. 'करळ': चारी बाजूंनी कोन, आत शिरायची वाट दिसते, बाहेर पडायची नाही. 'इको': शेअरच्या इको व्हॅनसारखा, सरळ चाललेल्या वाटेत अचानक मध्यभागी कोन, कारण कुणीतरी हात दाखवलाय. 'गव्हाण फाटा': दोन वाटा, दोन्ही बरोबर वाटतात, एक पनवेलला जाते. आणि 'अटल सेतू': काही नाही, नुसता सरळ पट्टा, पण शेवटी टोल.

असा स्लॅलम इथे खरोखर भरवायचा तर अडचणी येणार, नाही असं नाही. पहिली स्पर्धा म्हणजे उद्घाटन, उद्घाटन म्हणजे बॅनर, बॅनर म्हणजे कुणाचा फोटो मोठा हा प्रश्न. टेनिस क्रिकेटच्या आमच्या स्पर्धांत मालिकावीराला मोटरसायकल देतात. इथे विजेत्याला काय देणार, लायसन्सचं वय तर झालेलं नाही. समालोचक माइकवरून प्रत्येक कोनावर अर्धा मिनिट बोलेल. यातलं काहीही टाळता येणार नाही आणि टाळूही नये, नाही तर लोकांना कळणार कसं की स्पर्धा होती?

जागेचा प्रश्न मात्र मी गमतीत घेणार नाही. या बंदराखाली आणि नव्या शहराखाली इथल्या लोकांची भातशेती गेली, मिठागरं गेली, कोळ्यांची खाडी गेली. शेव्याच्या कोळीवाड्याला तर गावासकट उठावं लागलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची विकसित जमीन पदरात पडली. मे 1989 मध्ये बंदर सुरू झालं. आबांची पिढी या सगळ्यातून गेली. तिच्या नातवंडांना खेळायला मोकळं पटांगण शोधावं तर समोर कंपाउंड येतं आणि कंपाउंडच्या आत एकरांच्या हिशेबाने पेव्हर ब्लॉक घातलेली सपाट जमीन, तिच्यावर रिकामे कंटेनर आणि उन्हात झोपलेली कुत्री.

म्हणून बंदरातल्या, सिडकोतल्या किंवा एखाद्या रिकाम्या कंटेनरच्या यार्डातल्या साहेबांच्या वाचनात हे आलं, तर मागणी फार नाही. महिन्यातून एक रविवार, सकाळी सहा ते दहा, फुटबॉलच्या मैदानाएवढा कोपरा. एक जुनी भाड्याची कार्ट आम्ही वर्गणीतून आणू. हेल्मेट आमची, खडू आमचा, दंड द्यायला आबा आमचे, चहा तुमच्या सिक्युरिटीसकट सगळ्यांना. कोन तेवढे तुम्ही द्या, तुमच्याकडे पडून आहेत.